मूळ तबकडीवाचून संगणकाची पुनर्मांडणी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आज माझ्याकडे सोपविण्यात आलेला विषय वरवर पाहता यंत्राचा आहे आणि मी काही यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. आपल्यासारखाच एका लहान गावच्या द्विशिक्षकी शाळेत अध्यापन करणारा मी शिक्षक आहे. तथापि आपल्या शाळांतील कपाटे उघडून पाहिली, तर कित्येक ठिकाणी कापडात गुंडाळून ठेवलेला एखादा संगणक आढळतो. चौकशी केली असता, "तो बंद आहे, त्याची सीडी सापडत नाही," असे उत्तर मिळते. ग्रामस्थांनी लोकवर्गणी काढून घेतलेले यंत्र अशा रीतीने एक-दोन वर्षे धूळ खाते आणि शेवटी निर्लेखनाच्या यादीत जाते. एक तबकडी सापडत नाही एवढ्यासाठी मुलांचे साधन हिरावले जावे, ही गोष्ट आपणां सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

म्हणून प्रारंभीच माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. तबकडी हरविल्याने संगणक निकामी होत नाही. ज्याला आपण 'विंडोज टाकणे' म्हणतो, ते काम तबकडीवाचूनही कायदेशीरपणे व बहुधा विनाखर्च करता येते. जे खरोखर हरवू शकते आणि पुन्हा मिळत नाही, ते म्हणजे त्या यंत्रात साठविलेले आपले काम होय.

एक अनुभव

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. सन २०१६ मध्ये आमच्या इयत्ता चौथीच्या मुलांनी आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या मिळविल्या आणि त्यांच्याच आवाजात त्या शाळेच्या संगणकावर ध्वनिमुद्रित केल्या. एकंदर अकरा आज्यांचे आवाज त्यात होते. पुढे पावसाळ्यात एके दिवशी संगणक सुरू होईना. मी तो मोटारसायकलवर बांधून तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला. दुकानदाराने विचारले, "गुरुजी, सीडी आहे का?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग माझ्याकडची टाकतो." दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होऊन परत मिळाला, पण तो अगदी नवा कोरा होता. आत काय आहे हे त्याने विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. दोष माझाच अधिक होता.

सोमवारी एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, आजीच्या ओव्या लावा ना." त्याची आजी त्याच उन्हाळ्यात वारली होती. त्याला काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही. आजही सुचत नाही.

दुकानदाराने टाकलेली ती प्रतही अस्सल नव्हती. वर्षाच्या आत पडदा काळा होऊन 'ही प्रत अस्सल नाही' असा संदेश येऊ लागला. तेव्हापासून हे काम समजून घ्यावयाचे असे मी ठरविले. त्यातून जे हाती लागले, ते आपणांपुढे क्रमाने मांडतो.

तबकडी आणि परवाना

संगणकाचे भाग हे त्याचे शरीर होय. त्या सर्व भागांचा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस 'ऑपरेटिंग सिस्टिम' अर्थात कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही अशीच एक कार्यप्रणाली आहे. तबकडी म्हणजे ती प्रणाली यंत्रात उतरविण्याचे एक साधन आहे, त्याहून अधिक काही नाही.

आपल्या व्यवहारातला दाखला द्यावयाचा तर, तबकडी ही पेरणीच्या पाभरीसारखी आहे. ती शेजाऱ्याकडून मागून आणली तरी चालते. जमीन मात्र आपल्या नावावर असावी लागते आणि त्यासाठी सात-बारा लागतो. संगणकाचा सात-बारा म्हणजे त्याचा परवाना होय. बहुतेक वेळा तो त्या यंत्राच्या अंगावरच असतो.

विंडोज एक्सपी, व्हिस्टा व विंडोज ७ यांच्या काळातील संगणकांवर मागे, बाजूस अथवा लॅपटॉपच्या तळाशी एक लहान चिकटपट्टी असते. तिच्यावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट, म्हणजे एकूण २५ अक्षरांचा क्रमांक छापलेला असतो. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून उत्पादक हा क्रमांक बहुधा यंत्राच्या मुख्य पटलावरील स्मृतीतच नोंदवून देऊ लागले. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पुनर्मांडणीच्या वेळी कार्यप्रणाली तो आपण होऊन वाचून घेते. विंडोज १० पासून परवान्याची नोंद कंपनीच्या केंद्रातही राहू लागली. एकदा नोंद झालेल्या यंत्रावर तीच आवृत्ती पुन्हा बसवून इंटरनेट जोडले, की परवान्याची ओळख आपोआप पटते.

चिकटपट्टीवरील अक्षरे हाताच्या घर्षणाने पुसट होतात. म्हणून आपण सर्वांनी या आठवड्यातच तो क्रमांक जडसंग्रह नोंदवहीत त्या यंत्राच्या नोंदीपुढे स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावा, अशी माझी पहिली विनंती आहे.

प्रथम रोगाची परीक्षा

ताप आला की प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया करीत नाहीत. संगणक सुरू झाला नाही म्हणून लगेच कार्यप्रणाली बदलावयाची नसते. कळ दाबल्यावर उत्पादक कंपनीचे नावसुद्धा पडद्यावर उमटत नसेल, तर दोष कार्यप्रणालीचा नव्हे. तेथे वीजपुरवठा, पडद्याची वायर किंवा आतील रॅमची पट्टी पाहावी. धुळीने वा हादऱ्याने ती पट्टी सैल होते. वीज पूर्ण बंद करून, ती काढून, पुसून पुन्हा नीट बसविली असता कित्येक संगणक पूर्ववत चालू लागतात.

सुरू करण्याजोगे साधन सापडत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर एखादा पेन ड्राइव्ह चुकून मागे लावलेला राहिला आहे काय, ते पाहावे. संगणकाचा दिनांक वारंवार कित्येक वर्षे मागे जात असेल, तर आतील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे असे समजावे. दिनांक चुकीचा असला की शासनाची संकेतस्थळेही उघडत नाहीत आणि आपण विनाकारण विंडोजला दोष देतो. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे. ती डिस्क अखेरच्या घटका मोजीत असते. तिच्यावर नवी प्रणाली बसविण्याचा खटाटोप केल्यास आतील माहितीही जाते.

कंपनीचे नाव उमटून नंतर यंत्र अडत असेल आणि वरील दोष नसतील, तर बहुधा कार्यप्रणाली बिघडली आहे असे मानण्यास हरकत नाही.

माहितीचे रक्षण

पुनर्मांडणीच्या आधी माहिती बाहेर काढावी. ही पायरी कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. शालार्थ, सरल, यू-डायस यांवर भरलेली माहिती आपल्या यंत्रात नसून दूरच्या केंद्रात असते. तिची चिंता नको. पण निकालपत्रके, जनरल रजिस्टरवरून केलेल्या याद्या, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, मुलांचे आवाज हे सर्व याच यंत्रात असते. आपल्याला डेस्कटॉपवर सर्व काही ठेवण्याची सवय आहे आणि डेस्कटॉप हा 'सी ड्राइव्ह'चाच भाग असतो. पुनर्मांडणीत प्रथम पुसला जातो तो हाच विभाग.

येथे असा प्रश्न येईल, की संगणक सुरूच होत नाही तर माहिती बाहेर काढावी कशी? त्यासाठी एक सोपा मार्ग आहे. लिनक्स नावाची एक मुक्त कार्यप्रणाली आहे. तिचे उबुंटू, लिनक्स मिंट इत्यादी प्रकार इंटरनेटवरून विनामूल्य मिळतात. दुसऱ्या चालू संगणकावर 'रुफस' यासारख्या साधनाने ती प्रणाली एका पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. आपला बंद संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा आणि 'न बसविता वापरून पाहा' अशा अर्थाचा पर्याय निवडावा. हार्ड डिस्कला धक्का न लावता संगणक सुरू होतो आणि आतील फाइली दिसू लागतात. त्यांतील 'यूजर्स' हा फोल्डर पूर्णपणे दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. मला हे २०१६ साली ठाऊक असते, तर अकरा आज्यांचे आवाज आज शाळेत असते.

मराठी शाळांसाठी आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. आपल्या जुन्या फाइली बहुधा कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलिखित केलेल्या असतात. अशा फाइलीत खरे मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी चिन्हांवर मराठी आकार चढविलेले असतात. नव्या मांडणीत तो फॉन्ट नसला, की सारे पान अगम्य चिन्हांनी भरलेले दिसते आणि फाइल बिघडली असे वाटते. फाइल बिघडलेली नसते, तिचा पोशाख तेवढा हरवलेला असतो. म्हणून 'विंडोज' या फोल्डरातील 'फॉन्ट्स' हा फोल्डरही आठवणीने उतरवून घ्यावा. येथून पुढचे सर्व लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे. युनिकोडमधील मराठी कोणत्याही नव्या यंत्रावर मराठीच दिसते.

अलीकडच्या काही लॅपटॉपांत डिस्कवरील माहिती आपोआप कुलूपबंद केलेली असते. ती उघडण्यास ४८ अंकी किल्ली लागते आणि ती बहुधा यंत्र प्रथम सुरू करताना वापरलेल्या खात्यात जतन झालेली असते. ते खाते कोणत्या ई-मेलचे आहे, हे शाळेत लिहून ठेवावे. बदली झालेल्या शिक्षकाच्या खात्यात शाळेची किल्ली अडकून पडल्यास सर्वांचीच पंचाईत होते.

पुनर्मांडणीचे तीन मार्ग

पहिला मार्ग यंत्राच्या आतलाच आहे. अनेक उत्पादक हार्ड डिस्कच्या एका झाकलेल्या विभागात मूळ प्रणालीची प्रत ठेवूनच यंत्र विकतात. सुरू होतानाच विशिष्ट कळ दाबली असता ती उपलब्ध होते. एचपीच्या बहुतेक यंत्रांत एफ-११, एसरमध्ये ऑल्ट व एफ-१० एकत्र, तर असूसच्या लॅपटॉपांत एफ-९ ही कळ असते. या मार्गाने यंत्र खरेदीच्या दिवशी होते तसे होते आणि मधले सर्व काही पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. विंडोज १० व ११ मध्ये 'रीसेट धिस पीसी' अशी सोय आहे. संगणक लागोपाठ दोन-तीन वेळा अर्ध्यावर अडला, की दुरुस्तीचा निळा पडदा आपण होऊन येतो. तेथे 'ट्रबलशूट' निवडले असता ही सोय सापडते. तीत 'कीप माय फाइल्स' हा पर्याय निवडल्यास आपल्या फाइली राहतात, परंतु नंतर बसविलेल्या आज्ञावली निघून जातात. फाइली राहणार असे म्हटले असले, तरी त्या आधी बाहेर काढण्याची पायरी चुकवू नये.

दुसरा मार्ग पेन ड्राइव्हचा आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर 'मीडिया क्रिएशन टूल' नावाचे साधन विनामूल्य मिळते. केंद्रशाळेतील अथवा एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या चालू संगणकावर ते चालवावे आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावावा. त्यातील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून तो रिकामाच घ्यावा. आपली हरवलेली तबकडी ती हीच! पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना डेल व लेनोवोच्या यंत्रांत सामान्यतः एफ-१२ आणि एचपीमध्ये एफ-९ ही कळ दाबली, की कशावरून सुरू करावयाचे ते विचारले जाते. पुढे परवाना क्रमांक मागितला आणि तो मुख्य पटलावर किंवा कंपनीच्या केंद्रात नोंदलेला असेल, तर 'माझ्याजवळ क्रमांक नाही' अशा अर्थाचा पर्याय निवडून पुढे जावे. आवृत्ती मात्र पूर्वीचीच निवडावी. 'होम' आवृत्तीचा परवाना असता 'प्रो' बसविल्यास तो परवाना तिला लागू होत नाही.

यानंतर डिस्कचे विभाग दाखविणारा पडदा येतो. सर्वांत मोठी चूक होते ती येथेच. घाईने सर्व विभाग पुसले, तर डी ड्राइव्हवरील मजकूरही जातो. विभागांचे आकार कागदावर लिहून घ्यावे. कोणता विभाग कशाचा याची खात्री पटल्यावर केवळ कार्यप्रणालीचा विभाग निवडावा. शंका आली तर तेथेच थांबावे. पुढची कळ दाबेपर्यंत काही बिघडत नाही. वीज जाण्याची वेळ ठाऊक असल्यास ती टाळून काम आरंभावे आणि लॅपटॉप असल्यास त्याला चार्जर जोडलेला असावा.

तिसरा मार्ग जुन्या यंत्रांचा आहे. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. आपल्या पुष्कळ यंत्रांत ती नाही. मग ही यंत्रे टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. त्यांवर लिनक्सची हलकी आवृत्ती बसवावी. तिला परवाना क्रमांक लागत नाही, मोल लागत नाही, आणि तिची प्रत दुसऱ्या शाळेस देणे हा गुन्हा न ठरता उलट तिच्या कर्त्यांस अपेक्षित असलेला व्यवहार ठरतो. केरळ राज्याने आपल्या शाळांतून 'आयटी अ‍ॅट स्कूल' या प्रकल्पाद्वारे अशीच मुक्त प्रणाली रूढ केली. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली तयार केली आहे. लहान मुलांसाठी 'जीकॉम्प्री' हा खेळांतून शिकविणारा संच लिनक्सवर विनामूल्य चालतो. आमच्या शाळेतील तेच जुने यंत्र, २ जीबी रॅमचे, आज अशाच प्रणालीवर चालते आणि पहिलीची मुले त्यावर अंक ओळखण्याचे खेळ खेळतात.

उसन्या प्रतीचा मोह

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे मला कर्तव्य वाटते. बाजारात पन्नास-शंभर रुपयांत तयार प्रत टाकून मिळते, मग एवढा व्याप कशासाठी, असे काहींना वाटेल. अशा प्रतीबरोबर परवान्याचे कुलूप फोडणारी आज्ञावली येते आणि तिच्यासोबत विषाणूही येऊ शकतात. ज्या यंत्रावरून आपण मुलांची व शिक्षकांची माहिती भरतो, बँकेचे व्यवहार करतो, त्यात अशा अनोळखी पाहुण्यास जागा देणे धोक्याचे आहे. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरणे दंडनीय आहे. परीक्षेत दुसऱ्याचे पाहून लिहू नये, असे आपण मुलांना रोज सांगतो. ते सांगणाऱ्या वर्गातील यंत्र चोरीच्या प्रतीवर चालू नये. योग्य मार्ग विनामूल्य मिळत असताना अडचणीची सबबही उरत नाही.

नंतरची कामे

नवी प्रणाली बसल्यावर कधी आवाज येत नाही, तर कधी वाय-फाय दिसत नाही. यंत्र बिघडले असे समजू नये. त्या त्या भागाची चालक-आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, बसावयाची राहिलेली असते. उत्पादकाच्या संकेतस्थळावर यंत्राचा नमुना क्रमांक दिला असता ती मिळते. नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा. तो नसल्यास इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नसल्यास तो मिळत नाही, असा पेच पडतो. मग दिनांक व वेळ तपासावी, मराठीचा कळफलक जोडावा, राखून ठेवलेले फॉन्ट व फाइली परत ठेवाव्या आणि एकेक फाइल उघडून पाहावी.

बंधुभगिनींनो, पुढील परिषदेपूर्वी प्रत्येक शाळेने चार गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. परवाना क्रमांक, यंत्राचा नमुना व खात्याचा ई-मेल नोंदवहीत लिहावा. पुनर्मांडणीचा एक पेन ड्राइव्ह तयार करून, त्यास चिठ्ठी लावून कपाटात ठेवावा. केंद्रातील सर्व शाळांत मिळून एक असला, तरीही काम भागेल. मुलांच्या कामाची दुसरी प्रत दर महिन्याला काढून ती संगणकाशेजारी न ठेवता अन्यत्र ठेवावी. निर्लेखनाच्या यादीत संगणक घालण्यापूर्वी एकदा तो पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहावा.

गेल्या वर्षी आमच्या मुलांनी पुन्हा ओव्या गोळा केल्या. या वेळी सात आज्या भेटल्या. त्यांचे आवाज आता शाळेच्या संगणकात आहेत, मुख्याध्यापकांच्या कपाटातील एका पेन ड्राइव्हमध्ये आहेत आणि प्रत्येक मुलाच्या घरच्या मोबाईलमध्येही आहेत. जे गेले ते परत आणणे माझ्या हाती नव्हते. ते आपल्या शाळेत घडू नये, एवढ्यासाठी मी आपला वेळ घेतला.